घनहस्तात ठोकळे किती?

समा येथे आठवीच्या वर्गास आम्ही एक उदाहरण घातले. एका पेटीची लांबी, रुंदी व खोली प्रत्येकी २४ अंगुळे आहे. तीत ५ अंगुळे बाजूचे लाकडी ठोकळे किती राहतील? बहुतेकांनी २४ चा घन १३,८२४ काढला, त्यास ५ च्या घनाने, म्हणजे १२५ ने, भागले आणि ११० हे उत्तर मांडले. भागाकार बिनचूक होता, उत्तर मात्र चूक होते.

लाकडी ठोकळा म्हणजे पाणी नव्हे. तो उरल्यासुरल्या फटीत ओतता येत नाही. म्हणून प्रथम पेटीची एक कड पाहावी. २४ अंगुळांच्या कडेस असे चारच ठोकळे लागतात व ४ अंगुळे मोकळी राहतात. तळाच्या थरात ४ × ४ = १६, आणि असे थर ४; म्हणजे सरळ मांडणीत ६४ ठोकळे. लहान बाजूने मोठ्या बाजूस निःशेष भाग जात असेल, तरच घनफळांचा भागाकार विश्वासाने करावा.

पेटी २४ अंगुळांचीच घेण्यास कारण आहे. २४ अंगुळांचा एक हात होतो. भास्कराचार्यांनी शके १०७२ च्या (इ. स. ११५०) सुमारास रचलेल्या ‘लीलावती’त हातभर लांब, रुंद व खोल अशा बारा कडांच्या आकृतीस ‘घनहस्त’ हे नाव दिले असून, धान्याच्या मापात तीच मगध देशाची खारी होय असे सांगितले आहे. खारीचे १६ द्रोण, द्रोणाचे ४ आढक, आढकाचे ४ प्रस्थ आणि प्रस्थाचे ४ कुडव. म्हणजे एका खारीत १,०२४ कुडव झाले. (आम्हा कोकणी बोलणाऱ्यांच्या घरी कुडव हा शब्द ओळखीचाच, पण गोव्याकडील कुडव याहून पुष्कळच मोठा.)

आता १३,८२४ ला १,०२४ ने भागून पाहा. एका कुडवाचे घनफळ साडेतेरा घन अंगुळे येते. हा आकडा प्रथमदर्शनी ओबडधोबड वाटतो. परंतु ३ अंगुळे बाजूचा ठोकळा घ्या. त्याचे घनफळ २७, आणि २७ चे निम्मे साडेतेरा! असे ठोकळे हातभर कडेस बरोबर ८ बसतात, एक अंगूळही वाया जात नाही. ८ × ८ × ८ = ५१२ ठोकळे; प्रत्येकाचे दोन भाग केले की १,०२४ कुडव. खारी दहा वेळा निम्मी करीत गेल्यासही आपण येथेच पोहोचतो. मापांची ही जुळणी आम्हांस फार देखणी वाटते.

पाच अंगुळांच्या ठोकळ्यांचा हिशेब मात्र ६४ वर संपत नाही. काही ठोकळे तिरके ठेवले, तर एका थरात १७ मावतात. अशी मांडणी विसाव्या शतकाच्या अखेरीस सापडली. तिला सुमारे २३.४ अंगुळांची चौरस जागा पुरते, आणि आपल्याजवळ तर २४ आहेत. चार थरांत ६८ झाले. पुठ्ठ्याचे १७ सारखे चौरस कापून घरी प्रयत्न करावा. दुपार सहज निघून जाईल.