कृत्रिम पाय आणि कारागीर

दुबळ्या अवयवाला आधार देणारे साधन ते ऑर्थोसिस. पोलिओच्या पायाला लावतात ते कॅलिपर याच जातीचे. गेलेल्या अवयवाच्या जागी बसवतात ते प्रोस्थेसिस. दोन्हींत सारी मदार मापावर असते. गुडघ्याखाली पाय कापला असेल, तर उरलेल्या भागावर ओल्या प्लॅस्टरच्या पट्ट्या गुंडाळून साचा घेतात आणि त्यात प्लॅस्टर ओतून हुबेहूब प्रतिकृती काढतात. मग ती तासायची. गुडघ्याच्या वाटीखालचा भाग भार सोसतो, तिथे प्लॅस्टर थोडे कमी करायचे. नडगीची धार भार सोसत नाही, तिथे थोडे चढवायचे. या प्रतिकृतीवर पाय बसवायची खोबण घडते. इथे हात चुकला की रोग्याची कातडी सोलते.

माझे वडील चपला शिवतात. टाच कुठे झिजते यावरून ते माणसाची चाल ओळखतात. म्हणूनच मला जयपूरच्या रामचंद्र शर्मा यांची हकीकत फार जवळची वाटली. फारसे न शिकलेले हे कारागीर रुग्णांना हस्तकला शिकवायला सवाई मानसिंह रुग्णालयात येत. विलायती धर्तीच्या पायाला बूट लागे, त्यावर उकिडवे बसता येत नसे, मांडी घालता येत नसे. मग शेतकऱ्याने तो पाय घेऊन करायचे काय? डॉ. प्रमोद करण सेठी यांच्या साथीने त्यांनी १९६८ च्या सुमारास रबर, स्पंज आणि लाकूड यांचे, अनवाणी चालता येईल असे पाऊल घडवले. १९८१ चा मॅगसेसे पुरस्कार मात्र डॉक्टरांना मिळाला. डॉक्टरांचे मोठेपण मी नाकारत नाही, पण कारागिराचे नाव किती जणांना ठाऊक आहे?

आपल्याकडे पुण्याचे कृत्रिम अवयव केंद्र १९४४ पासून आहे. मुंबईत हाजीअलीच्या पुनर्वसन संस्थेत पदवीचे शिक्षण मिळते. मुदत उमेदवारीसह साडेचार वर्षे, आणि आधी बारावी विज्ञान हवे. म्हणजे आम्हा कला शाखेवाल्यांना दार बंद, आणि रामचंद्रांनाही ते आज बंदच राहिले असते! शरीररचना शिकायलाच हवी, हे मला मान्य आहे. पण याच कार्यशाळांतून चामड्याचे पट्टे शिवणारे, प्लॅस्टर तासणारे हातही असतात. त्यांच्या अनुभवाला प्रवेशाच्या वेळी थोडे तरी गुण का असू नयेत?