उजळणाऱ्या पेशी : एका रक्ततपासणीचा परिचय

एखाद्या बालकास वारंवार गळवे होतात, मानेतील गाठी पिकतात, यकृतात पू साठतो. प्रतिजैविकांनी उतार पडतो आणि काही आठवड्यांनी दुखणे पुन्हा उलटते. अशा वेळी रक्तातील पांढऱ्या पेशींची केवळ संख्या पाहून भागत नाही. त्यांचे कार्यही तपासावे लागते. हितचिंतकांच्या व रुग्णांच्या नातेवाइकांच्या माहितीसाठी त्या तपासणीचा परिचय आम्ही येथे करून देत आहोत.

न्यूट्रोफिल ही पांढरी पेशी जंतूस गिळते आणि प्राणवायूपासून सुपरऑक्साइड, हायड्रोजन पेरॉक्साइड अशी तीव्र रसायने निर्माण करून त्याचा नाश करते. ‘क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीज’ या जन्मजात विकारात या प्रक्रियेचे विकरच सदोष असते. पेशी जंतूस गिळते. परंतु काही विशिष्ट जंतू व बुरशी तिला मारता येत नाहीत.

ही रसायने अल्पजीवी असल्याने त्यांचा थेट माग घेणे कठीण. म्हणून डायहायड्रोरोडामाइन हे द्रव्य पेशींत सोडतात. ते मुळात चमकत नाही. पेशींना उत्तेजित केल्यावर त्याचे ऑक्सिडीकरण होऊन रोडामाइन बनते आणि ते निळ्या लेसर किरणांत हिरवे चमकते. फ्लो सायटोमीटर हे यंत्र हजारो पेशी एकेक करून तपासते. निरोगी पेशी उजळतात. विकारग्रस्त पेशी अंधाऱ्याच राहतात. याकरिता थोडेसे ताजे रक्त पुरते. तुलनेसाठी निरोगी व्यक्तीचे रक्तही सोबत तपासतात. मायलोपेरॉक्सिडेज या अन्य विकराच्या अभावीही चमक मंदावते. म्हणून जनुकतपासणीने निदान पक्के करणे इष्ट ठरते.

या विकाराचा एक प्रमुख प्रकार एक्स गुणसूत्रातून येतो. वाहक मातेच्या काही पेशी उजळतात, काही उजळत नाहीत. हा अहवाल हाती आल्यावर मातेस बोल लावणे सर्वथा अनुचित होय. आपली जनुके कोणीही निवडून घेत नाही. त्या अहवालाचा खरा उपयोग पुढील अपत्याच्या आणि मातेच्या बहिणींच्या मुलांच्या रक्षणासाठी आहे.

निदान वेळीच झाल्यास जंतू व बुरशी यांना प्रतिबंध करणारी औषधे नियमित देता येतात. योग्य दाता मिळाल्यास अस्थिमज्जा प्रत्यारोपणाने विकार बराही होऊ शकतो. या रुग्णांना बीसीजी लशीपासून अपाय संभवतो. म्हणून कुटुंबात असा रुग्ण असल्यास नवजात बालकास ती लस टोचण्यापूर्वीच डॉक्टरांना तसे अवश्य सांगावे, ही आमची विनंती.