कुत्री विताना घड्याळ हाताशी ठेवा

‘मुकं जनावर आहे, आपलं आपण मोकळं होतं,’ असं घरात गाभण कुत्री असली की येणारा-जाणारा प्रत्येक जण सांगतो. बहुतेक वेळा ते खरंही ठरतं. पण अडलेली कुत्री आरडाओरडा करतेच असं नाही. ती थकून गप्प पडते आणि आपल्याला वाटतं, सुटली बिचारी. आमची पॉमेरेनियन चिंगी पहिल्या बाळंतपणात वाचली ती एका एक्स-रेमुळे आणि एका साध्या वहीमुळे.

वहीच्या पहिल्या पानावर मेटिंगची तारीख होती. तिथून साधारण 63 दिवस धरतात, पण 58 ते 68 दिवसांत केव्हाही पिल्लं होऊ शकतात. म्हणून शेवटच्या आठवड्यात भरवसा ठेवायचा तो थर्मामीटरवर. टोकाला व्हॅसलीन लावून गुदद्वारातून सकाळ-संध्याकाळ ताप मोजायचा आणि लिहून ठेवायचा. कुत्र्याचं तापमान एरवी 101 ते 102.5 अंश फॅरनहाइट असतं. ते 99 च्या खाली उतरलं की बहुधा 24 तासांत पिल्लं होतात. तेवढा वेळ उलटूनही काहीच हालचाल नसेल, तर डॉक्टरांना फोन करायचा.

दुसरं पान पिल्लांच्या संख्येचं. सोनोग्राफीत पिल्लं आहेत हे महिन्याभरात कळतं, पण नेमकी मोजता येतात ती 55 दिवसांनंतरच्या एक्स-रेमध्ये, कारण तोवर त्यांची हाडं धरलेली असतात. चिंगीच्या फिल्मवर चार कवट्या आणि चार कणे दिसत होते.

शेवटच्या तीन आठवड्यांत पोटात जागा उरत नाही, म्हणून पपी फूड थोडं थोडं, चार वेळा द्यावं. कॅल्शियमची बाटली मात्र डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय उघडू नये. बाहेरून आयतं कॅल्शियम मिळत राहिलं की हाडांतून ते काढून घेण्याची शरीराची सवय सुस्तावते आणि पुढे दूध सुटल्यावर तेच अंगाशी येतं.

विण्याची जागा आठवडाभर आधीच करून तिला तिथे झोपायची सवय लावावी. वर्दळ नसलेला कोपरा, पिल्लं बाहेर सरपटणार नाहीत एवढ्या उंच कडांचं खोकं, खाली वर्तमानपत्रं आणि धुतलेल्या जुन्या चादरी, एवढं पुरतं.

कळा सुरू होण्याआधी कुत्री धापा टाकते, चादर उकरते, अन्नाला तोंड लावत नाही. हे सहा ते बारा तास चालू शकतं. पिल्लू आलं की आईच पाणमोट फाडते, नाळ तोडते, चाटून त्याला हुशारीत आणते. काही पिल्लं मागच्या पायांनी येतात, त्यात घाबरण्यासारखं नाही. आईने पडदा फाडला नाही तरच आपण हात घालायचा: पडदा काढून नाक-तोंड पुसायचं आणि पिल्लू टॉवेलने खसाखसा चोळायचं.

चिंगीची तीन पिल्लं अशीच सुखरूप झाली. प्रत्येकाची वेळ वहीत आहे. मग ती आडवी झाली आणि पिल्लं लुचू लागली. शेजारच्या काकूंनी गावाकडे कितीतरी गाई-म्हशींची वेतं पाहिलेली. त्या म्हणाल्या, ‘‘झालं गं बाई सगळं, आता निजू दे तिला.’’ पण फिल्मवर चार होती. दोन तास होऊन गेले होते. मधूनच ती जोर करायची आणि पुन्हा निपचित पडायची. ओळखीच्या एकाने फोनवर कळा वाढवण्याचं इंजेक्शन सुचवलं. आम्ही ते न देता तिला गाडीत घातलं. चौथं पिल्लू आडवं अडकलं होतं. सिझेरियन झालं. पिल्लू गेलेलं होतं, चिंगी वाचली. डॉक्टर म्हणाले, वाट अडलेली असताना ते इंजेक्शन दिलं असतं, तर गर्भाशय फाटू शकलं असतं.

म्हणून पुढच्या खुणा भिंतीवर लिहून लावा. अर्धा तास सतत जोर करूनही पिल्लू नाही, पोटात पिल्लं असताना दोन तासांहून जास्त खंड, पहिल्या पिल्लाच्या आधीच हिरवट-काळा स्राव, पिल्लू अर्ध्यावर अडकलेलं, किंवा कुत्री थरथरते, कोसळते: यांपैकी काहीही दिसलं तर तपासत बसू नका, निघा. पहिल्या पिल्लानंतरचा हिरवा स्राव मात्र वारेचाच असतो. रात्री कोणता दवाखाना उघडा असतो, गाडी कोण काढणार, पैसे कुठे आहेत, हे आधीच ठरलेलं असू द्या. पग, बुलडॉग अशा मोठ्या डोक्याच्या जातींत सिझेरियनची वेळ वरचेवर येते. त्यांच्या बाबतीत तर डॉक्टरांशी तारखेआधीच बोलून ठेवा.

पिल्लं झाली की वही मिटायची नाही. पहिल्या आठवड्यात पिल्लांना स्वतःची ऊब धरता येत नाही, त्यामुळे खोक्यात ऊब हवी. प्रत्येकाचं वजन रोज करा. ते वाढत नसेल, तर दूध पोटात जात नाही असं समजा. आणि आईकडेही लक्ष असू द्या. पुढच्या तीन-चार आठवड्यांत, विशेषतः छोट्या जातींत, रक्तातलं कॅल्शियम एकाएकी उतरू शकतं. ती अस्वस्थ होते, पाय ताठतात, अंग थरथरतं, झटके येतात. हे घरी बरं होत नाही. पिल्लं बाजूला करून तिला त्याच घडीला दवाखान्यात न्या.