पाच वर्षांचा साग साठाव्या वर्षी केवढा?

समजा तुमच्या शाळेमागे सागाची रोपे लावली आणि ५ वर्षांत ती ८ मीटर उंच झाली. मग ६० व्या वर्षी त्यांची उंची किती भरेल? त्रैराशिक मांडाल तर उत्तर येईल ९६ मीटर! पण केरळातील परंबिकुलमचा 'कन्निमरा' हा काही शतकांचा प्रचंड साग, त्याचीही उंची ५० मीटरांच्या आतच आहे. गुणाकार बरोबर आहे. झाड दरवर्षी सारखेच वाढते, हे गृहीत चुकीचे आहे.

साग लहानपणी झपाट्याने उंच होतो, मग त्याचा वेग मंदावतो. आलेखकागदावर वय आडवे आणि उंची उभी मांडली, तर रेषा वाकत वाकत आडवी होत जाते. ही वक्ररेषा काढायला एका झाडाजवळ ६० वर्षे कोण बसणार? म्हणून निरनिराळ्या वयांच्या लागवडी एकदम मोजतात. शिवाय काही तुकडे कायमचे राखून त्यांतली तीच झाडे ठरावीक वर्षांनी पुन्हा मोजतात. डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेने अशा मापांवरून सागाची उत्पादन-कोष्टके तयार केली आहेत.

झाडाचा घेर जमिनीपासून १.३७ मीटरवर मोजतात. परंतु जमिनीची प्रत ठरवताना घेर न पाहता सर्वांत मोठ्या झाडांची उंची पाहतात. का बरे? दाटीत वाढलेल्या झाडाचा घेर कमी भरतो, विरळणी केली की वाढतो. उंचीवर मात्र दाटीचा परिणाम फारच थोडा. त्यामुळे माती आणि पाणी कसे आहे, ते उंचीच सांगते. वय आणि उंची कळली, की आपली लागवड कोणत्या प्रतीच्या वक्ररेषेवर बसते ते पाहून पुढचा अंदाज करायचा.

यातही एक मेख आहे. ५ व्या वर्षी निरनिराळ्या प्रतींच्या रेषा एकमेकींना अगदी लागून असतात. अर्ध्या मीटरची चूक झाली, तरी लागवड भलत्याच रेषेवर जाऊन बसते! २० व्या वर्षी रेषा चांगल्या फाकलेल्या असतात.

१९९० च्या दशकात आपल्या देशात सागलागवडीच्या योजनांचे पेव फुटले होते. थोड्या वर्षांत लाखो रुपयांचे लाकूड मिळेल, असे आकडे पत्रकांत छापले जात. कोवळ्या सागात टिकाऊ गाभा थोडाच असतो, हे कोण सांगणार? अनेकांचे पैसे बुडाले. अशा सामूहिक गुंतवणुकीसाठी 'सेबी'ने १९९९ साली नियम केले.

लागवडीचे वर्ष ठाऊक असलेला साग तुमच्या गावात असेल, तर सपाट जमिनीवर त्याच्यापासून २० मीटरवर उभे राहून शेंड्याचा उन्नत कोन मोजा. त्याच्या टॅन गुणोत्तराला २० ने गुणा व त्यात डोळ्यांची उंची मिळवा. पुढच्या वर्षी त्याच महिन्यात पुन्हा मोजा.