हुलगा आणि विलायती बीन
(दोन देशांतील पशुखाद्याचा तुलनात्मक विचार)

धान्याच्या पेढीवर जन्म घालविलेल्या माणसास कडधान्य म्हटले की डाळ आठवते; दावण आठवत नाही. वस्तुतः कडधान्याचा मोठा वाटा पूर्वापार जनावरांच्या मुखी जात आला आहे. या बाबतीत आपला देश व इंग्लंड यांची रीत ताडून पाहिली असता व्यापाऱ्यास घेण्याजोगा बोध मिळतो. तोच आम्ही येथे व्यापारीबंधूंपुढे ठेवीत आहोत.

प्रथम आपला हुलगा घेऊ. कोकणात व गोव्यात यास कुळीथ म्हणतात, कानडीत हुरळी. इंग्रजांनी त्यास ‘हॉर्स ग्रॅम’, म्हणजे घोड्याचा हरभरा, असे नाव दिले. कारण दक्षिणेत घोड्यांचा खुराक तोच असे. हलक्या, मुरमाड जमिनीत व थोड्या पावसावर हे पीक येते. दाण्यात शेकडा सुमारे २२ ते २४ भाग प्रथिने असतात. मात्र प्रथिनांच्या पचनास अडथळा करणारे एक द्रव्य कच्च्या दाण्यात असते आणि ते उष्णतेने बव्हंशी निष्प्रभ होते. आपल्या शेतकऱ्यास हे रसायनशास्त्र अवगत नव्हते; परंतु हुलगा रात्री भिजत घालावा, सकाळी शिजवावा व मगच बैलापुढे ठेवावा, हे त्यास पक्के ठाऊक होते. नांगरटीच्या दिवसांत बैलास आणि व्यालेल्या म्हशीस हा खुराक मिळे. मळणीनंतरचे भुसकटही वाया जात नसे.

इंग्लंडात हुलग्याचे स्थान ‘फील्ड बीन’ या कडधान्यास होते. उत्तर हिंदुस्थानात ज्यास बाकला म्हणतात त्याचीच ही लहान दाण्याची जात. तिचे जुने नाव ‘हॉर्स बीन’. म्हणजे नावातही घोडा दोन्हीकडे आहेच! थंड हवेत व भारी चिकण जमिनीत ते पिकते. प्रथिनांचे प्रमाण हुलग्याहून काहीसे अधिक आणि पचनास बाधक द्रव्य पुष्कळ कमी. म्हणून तेथे दाणा शिजवीत नसत, भरडून ओटमध्ये मिसळीत. नव्या दाण्याने घोड्यास पोटशूळ होतो म्हणून जुना दाणा पसंत करीत. दोन देश, दोन रीती. परंतु जनावराच्या पोटाचा विचार दोन्हीकडे सारखाच होता.

पुढे ट्रॅक्टर आला आणि दोन्हीकडे कष्टाची जनावरे घटली. इंग्लंडात दुधाळ गाईंच्या खाद्यात स्वस्त प्रथिने हवी होती. ती कत्तलखान्यातील मांस व हाडे यांच्या भुकटीतून घेण्यात आली. तृणभक्षक गाईस तिच्याच जातीच्या प्राण्याचे अवशेष चारले गेले! १९८६ साली तेथे गाईंच्या मेंदूचा एक नवा रोग ओळखला गेला. त्याचा प्रसार या भुकटीमुळे झाल्याचे दिसून आले व १९८८ साली गुरांना ती चारण्यास बंदी झाली. तोवर फार उशीर झाला होता. १ लाख ८० हजारांहून अधिक गुरे रोगग्रस्त ठरली, लक्षावधी मारून टाकावी लागली. त्या रोगाचा संबंध माणसाच्या प्राणघातक व्याधीशी असावा, हे १९९६ साली सरकारला जाहीर करावे लागले. भुकटीची जागा मुख्यतः परदेशी सोयाबीनच्या पेंडीने आणि काही अंशी त्याच जुन्या बीनने घेतली.

हे वाचून आपण निर्दोष आहोत असे मानू नये. भिजून काळा पडलेला माल ‘जनावरांना चालेल’ म्हणून काढून टाकण्याची सवय आपल्या बाजारात आहे. आमच्याही पेढीवरून एका पावसाळ्यात असा हुलगा गेला आहे, हे लिहिताना संकोच वाटतो. इंग्लंडात भुंग्याने पोखरलेला बीन माणसाच्या खाण्यातून काढून पशुखाद्याच्या भावाने विकतात. त्यात गैर नाही, कारण भोकामुळे दाणा विषारी होत नाही. बुरशीची गोष्ट निराळी. बुरशी धरलेल्या पेंडीत व धान्यात ॲफ्लाटॉक्सिन नावाचे विष उत्पन्न होऊ शकते. ते गाईच्या पोटात गेले की त्याचा अंश दुधात उतरतो आणि ते दूध आपल्याच मुलांच्या पेल्यात येते.

अहिंसाणुव्रताच्या पाच अतिचारांत ‘अन्नपाननिरोध’, म्हणजे आश्रित जीवाचे अन्नपाणी अडविणे, हा एक सांगितला आहे. आमच्या अल्पमतीप्रमाणे, नासके अन्न पुढे करणे हेही अन्न अडविण्यासारखेच होय.

म्हणून आमची विनंती एवढीच : पोखरलेला माल तसे सांगून विकावा, बुरशीचा माल तोटा सोसून नष्ट करावा, आणि पेंड घेताना तीत काय मिसळले आहे हे विचारल्यावाचून पोते उचलू नये. गिऱ्हाईक तक्रार घेऊन पेढीवर येते. मुके जनावर येऊ शकत नाही; त्याच्या वतीने माल पारखणे हे आपलेच काम आहे.