नैवेद्याच्या ताटाची भाषा

सणाच्या जेवणाला जशी चव असते, तसा अर्थही असतो. कोणत्या दिवशी कोणता पदार्थ करावयाचा हे आपण आई-आजीकडून शिकतो. तो का करावयाचा हे मात्र क्वचितच विचारतो. प्रस्तुत लेखात आपल्याकडील महालक्ष्म्यांच्या, म्हणजेच ज्येष्ठागौरींच्या, जेवणाचा या दृष्टीने विचार करावयाचा आहे.

तुलनेसाठी प्रथम चीनकडे पाहू. तेथील नववर्षाच्या भोजनात मासा हवाच. कारण चिनी भाषेत 'मासा' आणि 'शिल्लक' या दोन शब्दांचा उच्चार एकच, 'यू'. म्हणून पुष्कळ घरी तो मुद्दाम थोडा उरवतात. लांब शेवया दीर्घायुष्याच्या, तर सारण भरलेल्या अर्धगोल करंज्या जुन्या काळच्या सोन्याचांदीच्या लगडींच्या आकाराच्या. पहिल्या पदार्थाला अर्थ येतो तो उच्चारावरून, इतर दोहोंना आकारावरून.

आपल्याकडेही हे दोन्ही मार्ग आहेत. संक्रांतीच्या तिळाचेच पाहा. संस्कृतात 'स्नेह' म्हणजे तेल आणि 'स्नेह' म्हणजे प्रेमही. तिळात तेल आहे; म्हणून तीळ देणे हे स्नेह देणे ठरले. पण महालक्ष्म्यांच्या ताटात याखेरीज तिसरा मार्गही दिसतो. तो आहे ऋतूचा आणि शेतीचा.

भाद्रपद शुद्ध पक्षात अनुराधा नक्षत्रावर महालक्ष्म्या येतात, ज्येष्ठा नक्षत्रावर जेवतात आणि मूळ नक्षत्रावर जातात. हा क्रम माहेरवाशिणीच्या मुक्कामाचा आहे. आलेल्या दिवशी नैवेद्य साध्या भाजीभाकरीचा असतो. दमून आलेल्या लेकीला आधी घरचे साधे अन्न. दुसऱ्या दिवशी पुरणपोळी, कटाची आमटी, सोळा भाज्या आणि ज्वारीची आंबील. आरतीलाही पुष्कळ घरी पुरणाचेच दिवे असतात आणि महालक्ष्म्यांच्या डोक्यावर करंज्या-पापड्यांचा फुलोरा टांगलेला असतो.

सोळा भाज्यांची यादी केली, तर पडवळ, दोडके, भेंडी, गवार, भोपळा, अंबाडी अशी पावसाळ्यातील परसबागच डोळ्यांपुढे उभी राहते. आंबील तर त्याहून बोलकी. गव्हाच्या पोळीचे पक्वान्न ताटात असताना ताकातल्या ज्वारीच्या पिठाला तेथे स्थान का? कारण ज्वारी हे या भागाचे रोजचे अन्न होते आणि देवीच्या ताटातून रोजचे अन्न वगळले गेले नाही. विदर्भात पुढे ज्वारीचा पेरा घटला, सोयाबीन वाढले. नागपुरात आंबिलीपुरते पीठ दुकानातून आणणारी घरे थोडी नाहीत. शेतातून गेलेले धान्य नैवेद्यात मात्र टिकून राहिले.

निरोपाच्या दिवशी महाराष्ट्रात अनेक घरी मुरडीचे कानवले करतात. कानवल्याची कडा मुरडून बंद करतात, आणि लेकीनेही असेच मुरडून, मागे वळून, पुन्हा माहेरी यावे ही इच्छा त्यात असते. चिनी माशासारखाच हा शब्दाचा खेळ आहे. फरक एवढाच, की तेथे मागणे समृद्धीचे आहे, येथे भेटीचे.

इतका जिव्हाळा ज्या जेवणात आहे, त्यात एक उणीवही आहे. या दिवशी सवाष्ण जेवू घालतात. कितीएक घरी पुरण शिजविणारी, कानवल्याला मुरड घालणारी बाई विधवा असते, आणि हळदीकुंकवाच्या वेळी ती स्वयंपाकघरातच राहते. लेकीने परत यावे असे ताट म्हणते. पण तीच लेक वैधव्य घेऊन परत आली, तर तिला पाटावर जागा नसते. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींना त्याचे अनुकरण करण्यास सांगितले. ठरावाने सुरुवात होते. पंगत मात्र घरीच बदलावी लागते.

प्रतीकाचा अर्थ कळला की त्याची जबाबदारीही येते. येत्या भाद्रपदात विद्यार्थी मित्रांनी घरातील वडीलधाऱ्या बायकांना प्रत्येक पदार्थाचे 'का' विचारून वहीत टिपून ठेवावे, आणि पाट मांडताना घरातील कोणती लेक पंगतीबाहेर राहिली आहे, तेही पाहावे.