आश्रयगृहातील कुत्रा : काही गैरसमज

पेडणे-डिचोलीकडे आपण वाटेवरचे पिलू सहज उचलून घरी आणतो. पशु-आश्रयगृहातील कुत्रा मात्र रोगट म्हणून नाकारतो. ही विसंगती विद्यार्थ्यांनी ध्यानी घ्यावी, असे आम्हांस वाटते.

शेजारच्या बार्देशात आसगाव येथे व दक्षिणेस कुडचडे येथे अशी आश्रयगृहे आहेत. तेथे आजारी प्राण्यांवर उपचार होतात व रेबीजची लस टोचली जाते. वाटेवरच्या पिलास ती कोणी टोचलेली नसते. मग भय कोणाचे बाळगावे? रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की मृत्यू बहुधा अटळच. २०१४ पासून गोव्यात कुत्र्यांना लस टोचण्याची व्यापक मोहीम चालली, म्हणूनच २०२१ साली गोवा ‘रेबीज-नियंत्रित क्षेत्र’ घोषित झाले.

मोठ्या कुत्र्यास लळा लागत नाही, हाही भ्रमच. थोडे दिवस धीर धरला, तर तोही घरच्यांचा होतो. शिवाय त्याचा स्वभाव आधीच पारखता येतो.

तिसरा समज अधिक घातक : विनामूल्य मिळाले ते बिनखर्चाचे. कुत्रा दहा-बारा वर्षे जगतो. तितकी वर्षे अन्न, लस व माया देण्याची तयारी नसेल, तर त्यास घरी न आणणे हीच खरी भूतदया.